एमएनटी रिफॉर्म: स्क्रूड्रायव्हर हाताशी ठेवणाऱ्यांचा लॅपटॉप

पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे सुरुवात बॅटरीपासून. बर्लिनच्या एमएनटी रिसर्चने 2020 मध्ये क्राउडफंडिंग करून आणलेल्या या लॅपटॉपमध्ये सीलबंद पॅक नाही. 18650 आकाराचे आठ सुटे सेल आपणच बसवायचे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे प्रत्येकी 3.2 व्होल्ट. एक खराब झाला की तेवढाच बदलायचा. मात्र आपल्या बाजारात त्याच मापाचे 3.7 व्होल्टवाले लिथियम-आयन सेल सर्रास मिळतात, ते यात घालू नका. कीबोर्डच्या वर एक चिमुकली ओएलईडी पट्टी आहे; वर्तुळाची खूण असलेली कळ आणि मग ‘बी’ दाबलं की आठही सेलचं व्होल्टेज वेगवेगळं दिसतं. सिरीज जोडणी शिकवताना मी फळ्याऐवजी आता हेच दाखवतो.

किट जोडायला सोल्डरिंग लागत नाही, सगळा स्क्रूंचा मामला. सोबतच्या छापील पुस्तकात मदरबोर्डचं सर्किटसुद्धा आहे. जुन्या रेडिओच्या पाठीमागे आतून डायग्राम चिकटवलेली असायची, त्याची आठवण झाली. किकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरमधल्या बोर्डाच्या मूळ फायलीही सगळ्यांसाठी खुल्या आहेत. खालचं झाकण पारदर्शक, त्यामुळे पोरं लॅपटॉप उलटा करूनच बघतात.

वेगाचं बोलायचं तर मूळ मॉड्यूलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम असलेल्या सुट्या बोर्डावर, एनएक्सपी कंपनीची चार कोअरची 1.5 गिगाहर्ट्झची चिप आणि 4 जीबी रॅम. डेबियन लिनक्स, टर्मिनल, लाटेक या टाइपसेटिंग सॉफ्टवेअरमधल्या प्रश्नपत्रिका, सगळं निवांत चालतं. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की धापा टाकतो. नवीन मॉड्यूल त्याच मदरबोर्डवर बसतात, पण खर्च वेगळा. आणि ‘सगळं खुलं’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं: या चिपवर एचडीएमआयने प्रोजेक्टर जोडायचा तर एक बंद फर्मवेअर, म्हणजे चिपसाठीचं सोर्स न दिलेलं सॉफ्टवेअर, लागतंच. आतल्या स्क्रीनला ते लागत नाही.

मेकॅनिकल कीबोर्डवर टायपिंगचं सुख आहे. कॅप्सलॉकच्या जागी कंट्रोल आहे, त्याची मला लगेच सवय झाली. बायको अजून कुरकुरते. मराठीसाठी ‘फॉन्ट्स-देवा’ पॅकेज टाकलं, स्वे या विंडो मॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये ‘इन’ लेआउट जोडला, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सुरू.

कॅमेरा नाही, माइकही नाही. मुद्दामच ठेवलेले नाहीत. प्राचार्यांच्या ऑनलाइन मीटिंगला हे कारण एकदाच खपतं.

किटची सुरुवातीची किंमत 999 डॉलर होती, वर पाठवणीचा खर्च आणि कस्टम्स. तेवढ्यात याच्या कितीतरी पट वेगवान लॅपटॉप येतो. घरात एकच लॅपटॉप असणार असेल तर हा घेऊ नका. घेतलात तर 24 व्होल्टचा ॲडॅप्टर बॅगेतच ठेवा, कारण टाइप-सी चार्जर कोणाकडेही मागता येतो, हा नाही.