काजू कुठे सोलायचा: आपल्या शेडमध्ये, ठेकेदाराकडे की दोडामार्गात?

शेजारचा कारखानदार किलोमागे चाळीस रुपये खाली विकतो असं कळलं की आपला पहिला हात मजुरीवर जातो. काजूच्या धंद्यात ते साहजिकच आहे. कच्च्या बीचा भाव आपल्या हातात नसतो, बॉयलरचं जळण सगळ्यांना सारखंच लागतं. उरतं फोडणं, सोलणं आणि निवडणं. त्यातलं सोलणं, म्हणजे गरावरची पातळ साल काढणं, सगळ्यात जास्त हात खातं. गोव्यात डिचोली-सत्तरीतल्या छोट्या कारखान्यांचे हजेरीपट मी बरीच वर्षं लिहितोय. त्या अनुभवावरून तीन वाटा समोर ठेवतो.

पहिली वाट: बायका आपल्याच पटावर. सोयीसाठी रोज ५०० रुपये धरू. प्रत्यक्षात तेव्हा लागू असलेला सरकारी दर आणि महागाई भत्ता घाला. पीएफचे प्रशासकीय आकारासकट १३ टक्के, ईएसआयचे (कामगार विम्याचे) ३.२५, बोनसचे किमान ८.३३. म्हणजे ५०० चे झाले ६२३, आणि ग्रॅच्युइटी, रजा यात धरलेल्या नाहीत. बाई दिवसाला आठ किलो गर सोलत असेल तर किलोला ७८ रुपये पडले. ईएसआय १० कामगारांपासून लागू, पीएफ आणि बोनस २० पासून. म्हणूनच एकाच पत्र्याखाली नवऱ्याच्या नावे १९ आणि बायकोच्या नावे १८ कामगार असलेले कारखाने दिसतात.

दुसरी वाट: ठेकेदार. तो किलोचा ठोक दर सांगतो, समजा ५५. आपल्या ७८ मधून तेवीस रुपये कुठे गेले हे त्याला विचारा. बायका त्याच, सुऱ्या त्याच. त्याच्या हातात काही जादू नाही. ते रुपये पीएफमधून, बोनसमधून किंवा थेट मजुरीतून गेलेले असतात. हल्ली कागद मात्र चोख असतात. पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि शनिवारी त्यातला काही भाग रोख परत घेतला जातो. एका ठेकेदाराचा हजेरीपट माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात गणेश चतुर्थीच्या दिवशीही बावीसच्या बावीस बायका हजर, पुढे अंगठेसुद्धा! गोव्यात चतुर्थीला सोललेला काजू मी अजून पाहिलेला नाही.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी अखेर मालकावर येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत तीन वर्षांपर्यंतचा दावा करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकाच्या डोक्यावर असतं. कमी मजुरीचा दंड पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत. पाच वर्षांत पुन्हा सापडलात तर एक लाखापर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. किलोवर दिलेल्या कामालाही किमान मजुरी चुकत नाही. बाईचा दिवस भरला असेल तर किलो कमी भरले म्हणून रोजाखाली देता येत नाही.

तिसरी वाट: माल सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडे पाठवणं. तिथे दर महाराष्ट्राचा लागतो, कारण मजुरी काम जिथे होतं तिथली. हा फरक कायदेशीर आहे, त्यात अन्याय नाही आणि त्यावर चिडून उपयोगही नाही. पण खरी स्वस्ताई तिथल्या शेडमध्ये नसते, घरोघरी नेलेल्या पिशव्यांत असते. वहीत फक्त किलो लिहिलेले, तास कुठेच नाहीत. ओसरीवर सासू, सून आणि शाळेतून आलेली मुलगी मिळून सोलतात, मजुरी एकीच्या नावावर. समजा किलोला ४० रुपये. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने घरी माल नेणारीलाही कामगारच मानलं होतं, पण तपासायला ओसरीवर कोण जाणार?

आता ७८ आणि ४० मधला ३८ रुपयांचा फरक खरा किती ते बघा. घरी बोरम्याची, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीची, ऊब नाही, गर सर्दावतो, साल सुटत नाही, मग सुरीचं टोक खोलवर जातं आणि अख्ख्या गराची पाकळी, म्हणजे अर्धुक, होते. शेडमध्ये शंभरात दहा फुटत असतील आणि घरी वीस, आणि अख्ख्या-तुकड्याच्या भावात दीडशेचा फरक असेल, तर किलोमागे १५ रुपये तिथेच गेले. राहिले २३. त्यातून टेम्पो आणि वजनातली घट काढा. तरीही घरचं काम थोडं स्वस्तच पडतं, हे मी लपवत नाही.

म्हणून माझं मत गिऱ्हाईक बघून बदलतं. मिठाईवाल्याला तुकडा विकत असाल तर शेडमध्ये सोलून या स्पर्धेत टिकणं कठीण. तिथे घरोघरच्या पिशव्यांशी गाठ आहे. पणजी-म्हापशाच्या दुकानांत अख्खा गर गोव्याचा म्हणून देत असाल तर पहिलीच वाट. गोवा काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पलीकडे वेंगुर्ला काजूलाही ते आहे, आणि बाहेरचा गर गोव्याचा म्हणून खपवला जातो ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. आपलीच बी टेम्पोतून पलीकडे जाऊन येत असेल तर त्या तक्रारीवर सही करताना पेन जरा अडखळेल. ठेकेदाराची वाट मी कुणालाच सुचवत नाही. पैसा त्याचा वाचतो, नोटीस आपल्याला येते.

ठरवण्याआधी पंधरा दिवस एक करा. शेडमध्ये आणि बाहेर सोललेला माल वेगळा ठेवा. अख्खा, पाकळी आणि तुकडा वेगवेगळे तोला. चतुर्थीच्या आधीचे दिवस मात्र नको, तेव्हा सगळेच घाईत असतात आणि तुकडा जास्तच निघतो.