ब्लेअर विच: पहिला आणि दुसरा

१९९९चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा भयपट अंगावर काटा आणतो तो न दिसणाऱ्या गोष्टींनी. अमेरिकेतल्या मेरिलँडच्या जंगलात वाट चुकलेली तीन मुलं, तंबूबाहेर रचलेले दगड, झाडांना लटकणाऱ्या काटक्यांच्या बाहुल्या. कॅमेरे कलाकारांच्याच हातात. शेवटी तळघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असलेला त्या तिघांतला माईक, बस्स, एवढंच. जिच्या नावाचा सिनेमा, ती चेटकीण एकदाही दिसत नाही.

२०००च्या दुसऱ्या भागाने, ‘बुक ऑफ शॅडोज’ने, नेमकं हेच सोडलं. नेहमीचं गुळगुळीत चित्रीकरण आलं, मधेमधे रक्ताची दृश्यं घुसडली. दिग्दर्शक जो बर्लिंजर मुळात माहितीपटांचा माणूस. पहिल्या सिनेमाने झपाटलेल्या चाहत्यांवरच गोष्ट रचायची ही कल्पना मला खरंच आवडते. पण भीती? ती कुठेच वाटत नाही. पहिला पाहून मी दिवा चालू ठेवून झोपलो होतो.