लोड आला की मान टाकणारा राउटर

दोनच स्टार, तेही रेंज चांगली आहे म्हणून. एकट्याने वापरा, मस्त चालतो, पण संध्याकाळी टीव्हीवर फोर-के, पोरांचं गेमिंग आणि वर कोणी टोरंट (अनेक कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यांनी फाइल उतरवणारं सॉफ्टवेअर) लावला की सगळे दिवे एकदम विझतात आणि साहेब रीस्टार्ट! कस्टमर केअरची एकच टेप, रीसेट मारा. लॅपटॉप केबलने थेट फायबरच्या डब्याला लावून बघितला, तिथे सगळं व्यवस्थित, म्हणजे घोळ राउटरचाच. टोरंट एकाच वेळी शेकडो कनेक्शन उघडतो, प्रत्येकाची नोंद राउटरला मेमरीत ठेवावी लागते आणि ह्यात रॅम फक्त ६४ एमबी, मग दम लागणारच ना. टोरंटच्या सेटिंगमध्ये कनेक्शनची लिमिट १०० केली तर बराच फरक पडला. खरी गंमत पुढेच, राउटरच्या पोटाखाली छापलंय १२ व्होल्ट १.५ अँपिअर आणि बॉक्समध्ये अ‍ॅडॉप्टर दिलाय १ अँपिअरचा!! लोड वाढला की करंट कमी पडतो, दुसरं काय. बरोबर रेटिंगचा आणून लावला, आता टिकतो बऱ्यापैकी. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटची तर बोंबच आहे. दोघातिघांच्या घराला चालेल, पीजी किंवा क्लासवाल्यांनी नादी लागू नका.