फ्लाइंग स्कॉट्समनचं ओओ मॉडेल, आठ महिने चालवल्यानंतर

फ्लाइंग स्कॉट्समन या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचं हे ओओ, म्हणजे १:७६ मापाचं, रुळांवर चालणारं छोटं मॉडेल. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं त्या हिरव्या रंगाचं आणि ४४७२ नंबरचं कौतुक केलं असतं. आता आठ महिने झालेत, जवळजवळ रोज अर्धा तास चालवतोय, त्यामुळे नीट सांगता येईल.

मी लीड्सला राहतो. खरं इंजिन यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमचं, एकदा समोर वाफ सोडत उभं असलेलं बघितलं आणि डोक्यातून गेलंच नाही. १९२३ ला डॉन्कास्टरला बनलं, डिझाइन नायजेल ग्रेस्लीचं, आणि ३० नोव्हेंबर १९३४ ला ताशी १०० मैलांची अधिकृत नोंद झाली. मॉडेल १:७६ चं, म्हणजे ते १०० मैल इथे सेकंदाला साधारण ५९ सेंटीमीटर होतात. आपण सगळे सुरुवातीला याच्या दुप्पट पळवतो आणि मग ते खेळणं वाटायला लागतं. हळू सोडा, बाहेरचे रॉड वरखाली होताना बघत बसावंसं वाटतं, खरंच.

साउंड डीकोडर, म्हणजे इंजिनाचा आवाज काढणारी चिप, बसवला तेव्हा दोन दिवस कळेना की आवाज ओळखीचा का वाटत नाही. मग लक्षात आलं, या इंजिनाला सिलिंडर तीन, तिसरा फ्रेमच्या आत असल्यामुळे बाहेरून दिसत नाही, आणि म्हणून चाकाच्या एका फेरीत भकभक सहा वेळा व्हायला हवी, माझ्या डीकोडरचं सेटिंग होतं चारचं, दोन सिलिंडरवालं. ते बदललं आणि अंगावर काटाच आला.

त्रास झाला तो पुढच्या बोगीचा, म्हणजे डब्याचा नाही, इंजिनाखालच्या पुढच्या चार छोट्या चाकांच्या गाड्याचा. पॉइंटवर, म्हणजे रूळ बदलायच्या सांध्यावर, आली की रुळावरून उतरायचीच. चाकांमधलं आतलं अंतर मोजलं तर १४.५ मिलिमीटर हवं तिथे जेमतेम १४.२, अलगद ओढून ठीक केलं, त्यानंतर एकदाही उतरली नाही. एक हँडरेल (इंजिनाच्या बाजूची बारीक दांडी) खोक्यातच सुटून पडलेली होती, ती चिकटवली. रूळ पंधरा दिवसांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, रॉडला तेलाचा अगदी टिपूस, जास्त झालं की रुळावर येतं आणि चाकं घसरतात.

सपाटीवर सागवानी रंगाचे सहा डबे आरामात ओढते, चढावर मात्र चारच.

तुमच्याकडे पहिल्या रेडियसची, म्हणजे सगळ्यात घट्ट, वळणं असतील तर आधी ती काढून निदान दुसऱ्या रेडियसची टाका, इंजिन नंतर घ्या.