जुनी हत्यारं, नऊ महिन्यांनंतर: नाशकात जमवलेल्या वर्कशॉपचा हिशेब

दिवाळीनंतर सोसायटीच्या पार्किंगमधला एक कोपरा मिळाला, 'रविवारी दुपारी ठोकाठोक नको' एवढ्या एका अटीवर. लाकूडकाम शिकायचं होतं. सगळी नवी हत्यारं घ्यायची तर लाकडाआधीच खिसा रिकामा झाला असता, म्हणून जुनी शोधायला लागलो. आजवर 17 वस्तू घेतल्या, खर्च 5,840 रुपये. त्यातल्या 11 रोज हाताशी असतात, 4 पडून आहेत, 2 परत भंगारात गेल्या.

पहिली खरेदी चार इंची बेंच वाइसची, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्याची, आणि बाजारातून घेतलेल्यांत आजही तीच सगळ्यात चांगली ठरलीय. भंगारवाल्याने किलोवर दिला, 11 किलो भरला, 80 च्या भावाने 880 रुपये. वर गंजाची पुटं होती, पण गंज दिसला म्हणून घाबरायचं नाही हे तेव्हाच कळलं. वाइसमध्ये बघायच्या गोष्टी वेगळ्या. दांडा उलटसुलट फिरवून जबडा हलायच्या आधी किती रिकामा फिरतो ते बघा, म्हणजे आतली आटी किती झिजलीय ते समजतं. जबड्यात दोन्ही टोकांना कागदाचे तुकडे धरून ओढा. एक निसटला आणि एक अडकला तर जबडा वाकडा. आणि बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, कुठे वेल्डिंग मारलेलं दिसलं तर भाव न विचारता पुढे व्हा. बिडाचा तो सांधा नेमका जोर लागतो तेव्हाच दगा देतो.

लाकूड तासायचा रंधा बुधवारच्या बाजारात मिळाला, गोदावरीच्या गंगाघाटावर. लोखंडी, चार नंबरचा, 350 रुपये. भाजीच्या रांगा संपून जुनं सामान मांडणारे बसतात तिकडे सकाळी लवकर गेलं तर निवड असते, दुपारी नुसत्या मुठी आणि सुटे स्क्रू उरतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की हे सगळं उठतं. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या (नाशिककर पुराचं पाणी ज्याच्यावरून मोजतात त्या मूर्तीच्या) गुडघ्याला पाणी असताना रंधा शोधायला जाणारा मी एकटाच असेन, घरच्यांनी ते अजून ऐकवायचं सोडलेलं नाही. रंध्याचा तळ काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासला, दोन संध्याकाळी गेल्या. पण पात्याच्या सपाट पाठीला धारेजवळच गंजाचे खड्डे होते. तिथे खड्डा असला की कितीही निसा, धार तुटकच येते. शेवटी नवं पातं घ्यावं लागलं. म्हणजे साडेतीनशेचा रंधा प्रत्यक्षात साडेसहाशेला पडला. तरी तक्रार नाही, ओल्या सागावरसुद्धा कागदासारखी साल निघते.

पटाश्यांनी, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्न्यांनी, मात्र रडवलं. एका दुकानातून चकचकीत चार पटाश्यांचा संच घेतला, मुठी नव्या, धार आरशासारखी. पहिल्याच बाभळीवर धार वळली. विकणाऱ्याने ग्राइंडरवर तापवून धार काढली होती, पोलाद निळं पडून पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं होतं, आणि वरून बफ मारून निळेपणा घालवला होता. आता मी खिशात एक छोटी चांगली कानस ठेवतो. धारेच्या कडेवरून हलकेच फिरवायची. घसरली तर पोलादाला पाणी आहे, खायला लागली तर नाही. दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू देत. त्या चारांपैकी दोन भंगारात गेल्या, दोन रंगाचे डबे उघडायला ठेवल्यात.

तेव्हापासून एक नजर बसली: चमक नाही, वापर बघायचा. मूठ तळहाताच्या आकाराने झिजलेली, मालकाने पंचने नावाची अक्षरं ठोकलेली, पातं निसून निसून आखूड झालेलं, असं हत्यार कोणीतरी वर्षानुवर्षं जपलेलं असतं. फक्त अक्षरं कंपनीच्या स्टोअरची किंवा नंबरची असतील तर मी घेत नाही. ते कुठून आलं हे विचारण्यात वेळ घालवावा असं वाटत नाही.

पाने आणि पक्कड जुनी घेऊ नका असंच म्हणेन. टपारियाचा कारखाना आपल्याच सातपूरला, 1969 पासून हीच हत्यारं बनवतायत, आणि नव्याचा भाव इतका माफक की जुन्यात वाचतात ते शंभर-दीडशे. तेवढ्यासाठी झिजलेल्या तोंडाचा पाना घेऊन नटाचे कोपरे कशाला गोल करायचे? कानशी तर मुळीच नकोत. उन्हात तिरक्या धरल्या की दातांची टोकं चमकतात, म्हणजे मेलेल्या. माझ्या पडून असलेल्या चारांत दोन त्याच.

अंबड लिंक रोडला जा असं अजून कोणी ना कोणी सांगतं. तिथला भंगार बाजार पालिकेने 2017 च्या सुरुवातीला हटवला. मी दोनदा चक्कर मारली, माझ्या कामाचं काही हाती लागलं नाही.

गंज काढायला साधा व्हिनेगर पुरतो. रात्रभर बुडवायचं, सकाळी तारेच्या ब्रशने घासायचं, सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडं करून शिलाई मशीनचं तेल लावायचं. मी एक गिरमिट भिजत टाकून तीन दिवस गावी गेलो, परत येऊन पाहतो तर टोकाचे आटे खाऊन गेलेले. मुलामा दिलेल्या वस्तू त्यात घालूच नका, पापुद्रे सुटतात. आणि जुलैत सगळ्यांवर पुन्हा तांबूस छटा आली, तेव्हा तेलाचं फडकं आठवड्याला एकदा फिरवावंच लागतं.

सगळ्यात चांगला माल बाजारात आलाच नाही. ओळखीतून सातपूरच्या एका निवृत्त फिटर काकांकडे गेलो. त्यांच्या पेटीतला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) घेतला, 200 रुपये. फळीवर एक रेघ मारून, तो उलटा करून त्याच रेघेवर दुसरी मारली, दोन्ही तंतोतंत एक. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक हातोडीही होती, बाभळीच्या दांड्याची. ती मागितली तर काका म्हणाले, "आधी एक पाट करून आणा, मग हातोडीचं बघू."

पाट झालाय. पण एक पाय डुगडुगतोय, म्हणून अजून नेला नाही.