फाइलमधला प्रकल्प आणि पाबळचा प्रकल्प

दहावीचा प्रकल्प म्हटलं की आपल्याकडे आधी स्टेशनरीचं दुकान आठवतं. ‘जलप्रदूषण’, छापील चित्रं, ऋणनिर्देश. मजकूर इंटरनेटवरचा, अक्षर बहुधा आईचं. सही झाली, गुण पडले, फाइल रद्दीत.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातून एक दिवस हातानं काम करतात: वेल्डिंग, वायरिंग, शेती, माती-पाण्याची तपासणी. समजा, लोखंडी स्टूल करायचंय. आधी मापं, मग अँगल किती फूट लागेल, किलोचा भाव काय, मजुरी किती धरायची. काटकोन जरा चुकला की स्टूल डुगडुगतं, आणि ते बसणाऱ्याला लगेच कळतं. भूमिती तिथे पक्की होते.

अर्थात याला अवजारं, साहित्य आणि हातात कसब असलेला शिक्षक लागतो. फाइलला यातलं काहीच लागत नाही, म्हणून तर ती टिकलीय! माझा कौल उघडच पाबळला. कार्यशाळा परवडत नसेल, तर शाळेनं फाइलच ठेवावी. फक्त विषय द्यावा शाळेच्या वीजबिलाचा, मीटर मुलांनी स्वतः वाचून.