वेळासचा कासव महोत्सव: किमान दोन रात्री राहून पाहावा असा

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे अंड्यांतून बाहेर आलेली समुद्री कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहता येतात. या कासव महोत्सवाला यंदा मार्चमध्ये आम्ही दोन रात्री गावातच राहिलो. एके काळी या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी सर्रास उकरली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये येथे संवर्धनाचे काम सुरू केले, गावकरी त्यात उतरले आणि आज तेच रात्री पुळणीवर गस्त घालून सापडलेली घरटी जाळीच्या कुंपणात हलवतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात. मूळ घरटे असते तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून ती त्यात ठेवायची आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत दीड-दोन महिने सांभाळायची, हे काम फार जबाबदारीचे आहे.

पहिल्या सकाळी कार्यकर्त्याने घरट्यावरची टोपली उचलली, तेव्हा खाली कोरडी वाळू होती. दुसऱ्या दिवशी तीच वाळू मधोमध खचलेली दिसली आणि टोपलीखाली अकरा पिल्ले वळवळत होती. पाण्यापासून काही अंतरावर सोडल्यावर ती स्वतःच निघाली; एकाला लाटेने दोनदा मागे फेकले, पण तिसऱ्या लाटेबरोबर ते गेले.

राहण्या-जेवण्याची सोय गावकऱ्यांच्या घरी होते. खोल्या साध्या पण स्वच्छ होत्या आणि पाहुण्यांचा पैसा थेट गावात राहतो, ही या महोत्सवाची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाजू आहे, कारण कासव जगले तर घर चालते हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

खटकले ते पर्यटकांचे वागणे. कार्यकर्ते वारंवार विनवत असतानाही काही जण मोबाइल घेऊन दोरीच्या आत शिरले आणि त्यांच्या पावलांच्या खोल ठशांत पिल्ले अडकून पडली. अशांना तिथून सरळ बाहेर काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिल्ले रोज बाहेर येतीलच असे नाही, त्यामुळे एका दिवसाची धावती फेरी करू नये. सोडण्याची वेळ साधारण सकाळी सात आणि संध्याकाळी सहाची असते. संध्याकाळी जाणार असाल तर विजेरी मुळीच लावू नका. पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात आणि समुद्राकडे जायचे सोडून आपल्याकडे वळतात.